आडनाव दुभाषी

शाळेत मुलं हेमाला ‘दुबईशी’ म्हणायची. शारजातल्या भारतीय शाळेच्या त्या वर्गात नायर चार होते, खान तीन होते, शर्मा दोन होते. दुभाषी ही एकटीच. नवीन बाई हजेरी घ्यायला आल्या की या नावापाशी थांबायच्या. त्यांना वाटायचं, कोणीतरी आडनावाच्या जागी गावाचं नाव लिहिलंय. एकदा एका टायपिंग सेंटरवाल्याने व्हिसाच्या अर्जावर खरंच ‘हेमा दुबई’ असं छापून दिलं, आणि ते दुरुस्त करून घेताना तिच्या वडिलांचे दोन दिवस गेले.

त्या दिवशी ती वडिलांवर चिडली होती. “आपलं आडनाव बदलून घ्या ना, बाबा. काहीतरी साधं.”

मुरलीधर दुभाषी मूळचे वेंगुर्ल्याचे. दुबईतल्या देरा भागात एका मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली. मोठ्याने बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “बंदरावर परका व्यापारी उतरला,” ते म्हणाले, “की आधी आपल्या घराण्यातल्या माणसाला बोलावणं जायचं. याचं त्याला समजावायचं आणि त्याचं याला. जो दोन भाषांच्या मध्ये उभा राहतो, तो दुभाषी. पुरावा मागशील तर एक कागद नाही माझ्याकडे. पण नाव उगाच नाही पडत.”

हेमाचं तेवढ्याने समाधान झालं नाही. पण शाळेत सक्तीची असलेली अरबी बाकीची मुलं परीक्षेपुरती शिकली आणि विसरली, तशी ती विसरली नाही. वरच्या मजल्यावर एमान नावाच्या इजिप्शियन बाई राहायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून वाटाणे सोलता सोलता तिने ती बोलायला शिकून घेतली. मराठी घरातली, हिंदी रस्त्यावरची, इंग्रजी शाळेतली होतीच. पुढे तिने भाषांतराची रीतसर परीक्षा दिली आणि देरातल्याच एका भाषांतर कचेरीत लागली. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, करारनामे. अरबीतून इंग्रजीत, इंग्रजीतून अरबीत. वीस वर्षं.

तीन वर्षांपूर्वी त्या कचेरीत इंग्रजी मजकुराचा तपासनीस म्हणून कॉलिन लॅटिमर नावाचा इंग्रज गृहस्थ आला. साठीचा, उंच, चहात दूध जास्त लागणारा. पहिल्याच आठवड्यात त्याने हेमाच्या टेबलावरची पाटी बघून विचारलं, “या नावाला काही अर्थ आहे का?”

हेमाने सांगितला. तो खुर्ची ओढून बसलाच.

“म्हणजे तू आणि मी एकाच आडनावाचे!”

तिला कळेना. मग त्याने सांगितलं ते असं: एके काळी इंग्लंडात सरदार फ्रेंच बोलत, रयत इंग्रजी बोले आणि दप्तर लॅटिनमध्ये लिहिलं जाई. लॅटिन जाणणाऱ्या माणसाला जुन्या फ्रेंचमध्ये जो शब्द होता, त्याचंच पुढे लॅटिमर झालं, आणि अर्थ झाला दुभाषी. “फार नाही आम्ही. माझ्या शाळेत दुसरा लॅटिमर नव्हता. फोनवर तर दर वेळी एकेक अक्षर सांगावं लागतं.”

“मलाही,” हेमा म्हणाली.

“फरक एवढाच,” कॉलिन हसत म्हणाला, “की मला इंग्रजीशिवाय काही येत नाही. आमच्या घराण्याने धंदा कधी सोडला कोण जाणे. तू मात्र अजून तोच करतेयस.”

त्या संध्याकाळी बसमध्ये हेमाला ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत होतं. घरी जाऊन तिने वडिलांना सांगितलं. मुरलीधरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “लॅटिमर. लिहून दे बघू कागदावर.”

पण आडनाव म्हणजे काय ते तिला खरं कळलं गेल्या वर्षी, फेब्रुवारीत.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीकडून इंग्रजी करण्यासाठी एक अरबी अहवाल आला. कामगारांच्या खोलीत यूनुस नावाचा माणूस वरच्या पलंगाच्या शिडीवरून पडला होता आणि त्याचा हात मोडला होता. खोलीतल्या समाधान नावाच्या कामगाराने आपण त्याला पाडण्याचा प्रयत्न केल्याचं कबूल केलं, असं अहवालात लिहिलं होतं. शेवटी शिफारस: नोकरीवरून काढून पोलिसांत द्यावं.

सोबत सुपरवायझरने हिंदीत टिपून घेतलेला समाधानचा जबाब जोडला होता. एकच ओळ. ‘मैंने उसका चेष्टा किया, इसलिए वो गिरा.’

हेमाने ती ओळ वाचली आणि हातातलं पेन खाली ठेवलं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पण ज्याची मातृभाषा हिंदी आहे तो ‘उसका चेष्टा किया’ असं कधी म्हणणार नाही. तिने जबाबाच्या वर लिहिलेलं नाव-गाव पाहिलं. समाधान, जिल्हा बुलढाणा.

ती तडक कॉलिनकडे गेली. “हा माणूस मराठी आहे. याने फक्त थट्टा केलीय. सुपरवायझरने हिंदी अर्थ लावला आणि अरबीत तो गुन्हा झाला.”

कॉलिनने दोन्ही कागद पुढ्यात घेतले. “अहवालात जे लिहिलंय तेच आपण भाषांतरात लिहायचं, हेमा. नियम तुलाही ठाऊक आहे.”

“भाषांतर मी शब्दाला शब्द करीन. पण खाली टीप घालीन, आणि सही करण्याआधी त्या कंपनीला फोन करीन. त्या माणसाला कोणी त्याच्या भाषेत विचारलेलंच नाही, कॉलिन. मी गप्प बसले तर माझ्या नावाचा उपयोग काय?”

कॉलिनने दोन्ही कागद तिला परत दिले. मग टेलिफोन तिच्याकडे सरकवला.

कंपनीचा अधिकारी फहद हा तिथलाच, अमिराती तरुण. हेमाची अरबी ऐकून तो आधी चकित झाला, मग सावध. “त्याने स्वतः कबूल केलंय, मॅडम. मग आणखी कोणाला विचारायचं?”

“ज्याचा हात मोडला त्याला,” हेमा म्हणाली. “आणि ज्याने कबूल केलं त्याला, माझ्यासमोर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कंपनीत गेली. समाधान तिशीचा, अंगात निळी डांगरी, नजर जमिनीवर. काय लिहिलं गेलंय याची त्याला कल्पनाच नव्हती. तो आपला मनापासून म्हणत होता, चूक माझीच आहे.

“बसा, दादा,” हेमा म्हणाली. “काय झालं ते आपल्या मराठीत सांगा.”

त्याने झटकन मान वर केली. आठ दिवसांत पहिल्यांदाच कोणी त्याला नीट विचारत होतं. “ताई, यूनुसभाईनं केसाला मेंदी लावली व्हती. पार नारिंगी. म्या म्हनलं, नवरदेव, वरात कवा? सगळे हसले. त्यो बी हसत हसत उशी घेऊन मला माराया उतरला अन् पाय सटकला. म्या चेष्टा केली नसती तर त्यो पडला नसता. पाप माझंच हाय.”

हेमाने ते अरबीत सांगितलं. मेंदी, नवरदेव, उशी, सगळं. वाक्य न वगळता. फहदने तिथल्या तिथे हॉस्पिटलात यूनुसला व्हिडिओ कॉल लावला. प्लास्टरातला हात सांभाळत यूनुस हिंदीत ओरडला, “किसने बोला उसने गिराया? मज़ाक किया था, सर! मैं खुद फिसला!” हेमाने तेही अरबीत सांगितलं. यूनुसचे केस अजून नारिंगीच होते. फहदला हसू आवरेना.

“खलास,” तो म्हणाला, आणि अहवाल त्याने सगळ्यांसमोर फाडला.

समाधानला सगळा प्रकार कळला तेव्हा तो खाली बसला. एका शब्दाने आपण कुठे जाऊन पोचलो असतो हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. हेमाने त्याला पाणी दिलं. निघताना त्याने तिच्या कार्डावरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं.

“दुभाषी. हे काम हाय का आडनाव, ताई?”

“दोन्ही,” हेमा म्हणाली. हे सांगताना आपला आवाज अभिमानाने चढला होता, असं ती स्वतःच कबूल करते.

फहदने पुढे कंपनीत नियमच केला: कुठल्याही चौकशीत कामगाराने आपल्या भाषेत बोलायचं आणि दुभाषी समोर हवा. महिन्यातून दोन गुरुवार हेमा तिथे जाते. मागच्या वेळी एक भोजपुरी बोलणारा माणूस आला. हिंदीच्या आधाराने तिला त्याचं बरंचसं कळत होतं. तरी पाच मिनिटांनी तिने हात वर केला. “फहद, याची भाषा मला पुरेशी येत नाही. अर्धं कळून मी सांगणार नाही. ती येणारा माणूस शोधा.”

माणूस मिळेपर्यंत अडीच तास गेले. हेमा आणि तो कामगार बाकावर शेजारी शेजारी चहा पीत बसले होते.