एलायजाने सांगितलेली जागा

मंगळवार, १४ मे २०१९. पहाटेपासून वारा. हीवाचा होनोलुलूहून फोन. एलायजाची कॅसेट आज संध्याकाळी सगळ्यांसाठी खुली होणार. सायमनला निरोप धाडला. भात करपला.

इतकं लिहून फिलोमिना नाईहेने वही मिटली. पुन्हा उघडली आणि 'करपला'च्या आधी 'थोडा' घातलं. सिस्टरांच्या शाळेत लागलेली सवय: घडलं तेवढंच लिहायचं. पण वही उघडायची ती संध्याकाळी. आज भरदुपारीच उघडली, कारण पाय एका जागी ठरत नव्हते. अंगण दोनदा झाडून झालं होतं. दोरीवरचे कपडे ओलेच काढून आणले होते आणि पुन्हा नेऊन वाळत घातले होते.

हीवा तिच्या बहिणीची नात. म्हाताऱ्यांचे जुने आवाज जमवून, खाली त्यांचं बोलणं लिहून, ते इंटरनेटवर ठेवायचं तिचं काम. लास व्हेगासमध्ये वाढलेली हवाईयन पोरं त्या आवाजांवर घरची भाषा शिकतात म्हणे. गेल्या हिवाळ्यात तिने कॅसेटी मागितल्या, तेव्हा पूर्वी एक पोरगा येऊन एलायजाचं बोलणं टेप करून गेला होता, त्या कॅसेटींचं अख्खं खोकं फिलोमिनाने तिच्या हवाली केलं. एकही कॅसेट लावून पाहिली नाही. तिच्या नवऱ्याला, एलायजाला, जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि तो आवाज ऐकायची तिची छाती नव्हती.

सकाळी हीवा फोनवर नुसती उड्या मारत होती; फिलोमिनाला ती तूतू, म्हणजे आजी, म्हणायची. "तूतू, पापा एलायजा एका कॅसेटवर सगळा वेळ होडीबद्दलच बोललेत गं! वाऱ्यांची नावं, प्रवाहांची नावं, आमच्या कोशात नाहीत असे शब्द! आणि मासे कुठे सापडतात ती जागासुद्धा सांगितलीय. किनाऱ्यावरची कुठली खूण कुठल्या खुणेच्या रेषेत आली की थांबायचं, अगदी सगळं."

फिलोमिनाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "जागा सांगितलीय?"

"हो ना! का गं?"

आता या शहरातल्या मुलीला काय सांगायचं? एलायजाने आयुष्यात कधी 'मासे धरायला जातो' असं घरातसुद्धा म्हटलं नाही. 'फिरून येतो' म्हणायचा आणि माशांसाठी बर्फाची पेटी उचलायचा. माशांना कान असतात, आणि शेजाऱ्यांना त्याहून मोठे. ती खोल पाण्यातली जागा त्याच्या आजोबांची. जेवढं लागेल तेवढंच तिथून आणायचं, म्हणून ती अजून भरलेली. धाकट्या दिराचं, सायमनचं घर तिच्यावर चालत होतं, आणि फिलोमिनाच्या ताटातला मासाही तिथलाच. माउईकडून येणाऱ्या मोठ्या बोटींना ती कळली, तर एका उन्हाळ्यात सगळं साफ.

"काढायचं असेल तर आजच सांग, तूतू," हीवाचा आवाज उतरला. "एकदा लोकांनी उतरवून घेतलं की माझ्या हातात काही नाही. पण ते काढलं तर शब्दही जातील. इतकं सलग बोलणारं आम्हाला दुसरं कोणी मिळालं नाही."

दुपारी सायमनचा ट्रक खडखडत आला. सायमन उतरला तोच तोंड सोडून.

"दवंडीच पिटायची होती तर चर्चची घंटा वाजवायचीस, फिलो! इंटरनेट कशाला?"

"आधी बस."

"बसतो कसला! आजोबांनी स्वतःच्या जावयाला सांगितली नाही ती जागा. आणि माझा भाऊ कॅसेटवाल्या पोराला सांगून मोकळा! काय पाजलं होतंस त्याला?"

"कॉफी."

"तुझी कॉफी? मग बरोबर. सुटका व्हावी म्हणून काहीही बोलला असेल."

"तू ऐकणार आहेस की नुसता भुंकणार आहेस?"

फोनला रेंज मिळायची ती नीरफणसाच्या झाडाखाली. दोघांनी खुर्च्या तिकडे नेल्या. सायमनला हवाईयन भाषा येत नव्हती. तो जन्मला तोवर त्यांच्या घरात इंग्रजीच सुरू झाली होती. फिलोमिनाला तिच्या आजीने वाढवलं, म्हणून तिला येत होती. हीवाने फोनवर पाठवलेल्या कॅसेटीवर तिने बोट टेकवलं.

आधी खोकला. मग खुर्चीची करकर. मग तो.

मागे कुठेतरी बशा वाजत होत्या. त्या वाजवणारी आपणच, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. तिने फोन थांबवला, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"काय म्हणतोय?" सायमनने विचारलं.

"थांब जरा. म्हणतोय, वारा डोंगरावरून उतरायच्या आत निघायचं." ती वाक्यामागून वाक्य सांगत गेली. अर्थाकडे तिचं ध्यान नव्हतं, आवाजाकडेच होतं. "मत्स्यतळ्याच्या भिंतीचा कोपरा डाव्या हाताला ठेवायचा. चर्चचं टोक त्या कोपऱ्याच्या बरोबर वर आलं, की नांगर टाकायचा."

"काय आलं की?"

"चर्चचं टोक."

सायमन उठून उभा राहिला. "आपल्या जागेवरून चर्च दिसतं कुठे? मधे डोंगराची सोंड येते!"

फिलोमिनाने फोन खाली ठेवला. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती त्या होडीत कितीदा बसली होती. खरंच, तिथून चर्च दिसत नाही.

"चर्चचं टोक दिसतं ते पलीकडच्या बुडीत खडकावरून," सायमन म्हणाला. "बाहेरचा कुणी विचारायला आला की एलायजा त्याला तिथेच धाडायचा. मासा एक नाही, आणि नांगर अडकला की दोर कापूनच परत यायचं!" आता तो हसत सुटला. "यंत्रालाही फसवलंन माझ्या भावाने! तेही इतक्या गोड आवाजात!"

तिने हीवाला फोन लावला. हीवाने सगळं ऐकून घेतलं. "मग खाली टीप देऊ का, की ही माहिती चुकीची आहे?"

"खबरदार! जागा चुकीची आहे, भाषा बरोबर आहे. तुम्ही भाषाच शिकवता ना?"

"पण तूतू, हे खोटं—"

"तुझ्या पापा एलायजाचं खोटं आहे. राहू दे तसंच."

सायमन शीळ घालत गेला. फिलोमिनाला वाटलं होतं, आता तरी जीव थाऱ्यावर येईल. पण ती सिंकपाशी उभी राहून एकच भांडं घासत राहिली. खरी जागा सायमनला ठाऊक होती, पण त्याला एलायजाने ती बोटाने दाखवली होती. बोलून सांगितली होती ती फक्त तिला, त्या होडीत, आणि ती तिने कधी कुणाला सांगितली नव्हती. तिने ते वाक्य हलकेच म्हणून पाहिलं. मधल्या एका खडकाचं नाव चटकन आठवेना. ती ओल्या हातांनी अंगणात गेली, डोंगराकडे बघत उभी राहिली. नाव आलं, तशी फोन घेऊन नीरफणसाखाली जाऊन तिने पुन्हा हीवाला फोन लावला.

"शनिवारी ये. सायमनच्या होडीतून जरा फिरून येऊ."

"तू? होडीत? या वयात? कुठे जायचंय?"

"फिरायला म्हटलं की पुढे विचारत नसतात."

मग हीवाचा आवाज बारीक झाला. "तूतू... रेकॉर्डर आणू?"

"टोपी आण. ऊन असतं."

संध्याकाळी वारा पडला नव्हता. तिने वही उघडली. दुपारचं सगळं तसंच ठेवलं आणि खाली एवढंच लिहिलं: बर्फाची पेटी घासून मागच्या पायरीवर पालथी घातली आहे.