प्राजूची सोयरीक आणि दोन वॉशिंग्टन

मी सौंसरच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, हे आधीच कबूल केलेलं बरं.

त्यामुळे आमच्या लेकीसाठी, प्राजूसाठी वॉशिंग्टनच्या मुलाचं स्थळ आलं, तेव्हा घरात कोणी काही शोधायच्या भानगडीत पडलं नाही. मी होते ना! मुलगा तिकडे आत्याकडे राहून नोकरी करत होता आणि पांढुर्ण्याला आमचं घर बघायला तीच आत्या येणार होती. मूळची तिगावची, पण वीस वर्षांपासून अमेरिकेत.

"वॉशिंग्टन म्हणजे राजधानी," चहा गाळता गाळता मी जाहीर केलं. "राष्ट्राध्यक्ष तिथंच राहतात."

"म्हणजे आपली प्राजू त्याईच्या शेजारी राहीन?" आमचे हे नगरपालिकेत. कोणाची हद्द कुठे संपते, यात त्यांना फार रस.

"अगदी शेजारी नाही. पण त्याच वॉर्डात समजा."

संध्याकाळपर्यंत तो वॉर्ड नदीपलीकडे सावरगावात पोचला होता. समोरच्या वंदनाबाईंनी तर विचारलंच, "मॅडम, आमच्या पोराच्या व्हिसाचं राष्ट्राध्यक्षाच्या कानावर घालता का?" मी "बघू" म्हणाले. (हो, खरंच म्हणाले!)

पाहुणीसाठी यांनी नागपूरहून भारीतली सफरचंदं आणली. प्रत्येकावर बारीक लेबल चिकटवलेलं. वॉशिंग्टन!

"मॅडम, वॉशिंग्टनात सफरचंदाचे बगीचे असतेत का?" यांनी विचारलं; हेही मला मॅडमच म्हणतात.

"राजधानीत कुठले बगीचे? दिल्लीत संत्री पिकतात का? फसवलं तुम्हाला!"

आपला बावळटपणा पाहुणीला दिसू नये म्हणून मी बसून एकेक लेबल नखाने खरवडून काढलं.

ती आली. मी दारात इंग्रजी वाक्य पाठ करत उभी, आणि आत्याबाई ऑटोतून उतरता उतरताच म्हणाल्या, "जयभीम मॅडम! लय ऊन हाय बाप्पा!" माझं वाक्य घशातच राहिलं.

पोहे झाले. मी ठेवणीतला प्रश्न काढला. "तुमच्या घरापासून व्हाइट हाउस किती लांब?"

"विमानानं साडेपाच तास."

हे समजूतदारपणे म्हणाले, "ट्राफिक असन."

आत्याबाईंना हसता हसता ठसका लागला. "अवो, ते वॉशिंग्टन पूर्वेले! आमचं पश्चिमेले, समुद्राच्या काठाले. शहर नाही, अख्खं राज्य हाय. पहिल्या राष्ट्राध्यक्षाचंच नाव त्याले बी." त्यांनी ताटातलं सफरचंद उचललं. "आन हे तं आमच्याकडचेच दिसून राहिले! यावर लेबल असते."

"होतं," हे म्हणाले. "मॅडमनं काढलं."

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, ती वेळ हीच. पण धरणीची गोष्ट आत्याबाईंनीच पुढे सुरू केली, आणि मी लाज विसरून ऐकत राहिले. तिथे म्हणे एक डोंगर आहे, त्याचा माथाच एका सकाळी स्फोटात उडाला आणि दूरदूरच्या गावांत भरदिवसा राखेनं अंधार झाला! राज्याच्या मधोमध पर्वताची रांग. समुद्राकडच्या बाजूला इतका पाऊस की झाडांच्या फांद्यांवर हातभर शेवाळ लोंबतं, आणि रांग ओलांडली की कोरडं माळरान.

"पर्जन्यछाया!" मी खुर्चीतून उठून ओरडले. त्या दिवसातलं माझं ते एकमेव बरोबर उत्तर.

"आन मासे पाहा," आत्याबाईंचा आवाज उतरला. "नदीत जन्मतेत, समुद्रात जातेत. चार-पाच वर्षांनी त्याच नदीत परत येतेत. उलट्या पाण्यात, धबधब्यावर उड्या मारत. अंडे घालतेत आन तिथंच मरतेत. पह्यल्यांदा पाह्यलं तवा मले तिगाव आठवलं. काठावर बसून लय रडली मी."

यांचा चहा हातात तसाच थंड झाला.

"बाप्पा!" हे हळूच म्हणाले. "मग आपल्या जाम नदीतले मासे काहून इतके आळशी?"

आत्याबाई हसल्या, आणि मग सरळ माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "मॅडम, पोरीले तरी माहीत हाय ना, तिले कुठं जायचं हाय ते?"

गेली सोयरीक!

"माहीत आहे, आत्या," प्राजू शांतपणे म्हणाली. "राजधानी ऑलिम्पिया. आणि तुमच्याकडे कारसकट बोटीत बसून कामावर जातात."

आत्याबाईंनी तिला जवळ ओढलं. सोयरीक तिथेच पक्की झाली.

त्या गेल्यावर मी प्राजूला धरलं. "तुला माहीत होतं, मग चार दिवस गप्प का बसलीस?"

"आई, मी दोन वर्षं तुझ्याच वर्गात होते. तू शिकवताना मधे बोलायची सवय तिथंच मोडली."

तेव्हापासून रस्त्यात जुना विद्यार्थी भेटला की मी आधी विचारते, "सध्या कुठं असतोस रे?" कोणी नागपूर सांगतो, कोणी भोपाळ, एक तर जहाजावर आहे. माझ्याकडे भूगोल शिकूनही ही मुलं जिथे जायचं तिथेच पोचली, हे ऐकून दर वेळी मी थक्क होते!