सरांनी तपासलेली चादर
नव्या चादरीच्या खळीचा वास आला की मला अजूनही त्या प्राध्यापकाचा अंगठा आठवतो. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी मी बी.ए. झाले. विद्यापीठात एम.ए.ला माझा नंबर लागेल का, हे विचारायला वडील मला सोलापुरातच त्याच्या घरी घेऊन गेले, कारण त्याची वरपर्यंत ओळख आहे असं कोणीतरी सांगितलं होतं. वडिलांच्या काखेत त्यांनी स्वतः मागावर विणलेली चादर होती. "पोरीचं जमंल का, सर? लई अभ्यास केलाय तिनं." त्याने माझ्या गुणपत्रिकेवर वरवर नजर टाकली आणि ओठ मुडपले. "अवघड आहे." चादर मात्र त्याने मांडीवर पसरली, उलटी केली, काठ चोळून पाहिला, आणि रंग जातो का ते बघायला थुंकी लावलेला अंगठा तिच्यावर घासला. "बघू. होईल काहीतरी." वडिलांनी खुणावलं, तशी मी त्याच्या पाया पडले. पुढे यादी लागली, ती मार्कांच्या क्रमाने होती आणि तीत माझं नाव तिसरं होतं. मी ते वडिलांना बोट ठेवून दाखवलं. तरी शेवटपर्यंत ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत राहिले, "एका चादरीवर काम झालं बघा."