हॅनाचं माहेर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते एका परक्या बाईचं माहेर शोधायचं. माझी बायको सुमन जुन्या वहीतल्या ओळीवर बोट ठेवून ओरडली, "अहो, सापडलं!" लायब्ररीतले सगळे वळून बघायला लागले. मी म्हणालो, "हळू! भाजीबाजार आहे का हा?"

दोन हजार चार साली आम्ही न्यू जर्सीत मुलाकडे राहत होतो. शेजारच्या मार्थाबाईचे एक पूर्वज अमेरिकेत इंग्रजांचा अंमल होता तेव्हाचे व्यापारी, जहाजानं साखर आणि कापड आणणारे. त्यांची वंशावळ तिनं मोठ्या कागदावर काढली होती. व्यापाऱ्याचा बाप, आजा, पणजा, सगळे हजर. त्याच्या बायकोच्या चौकटीत नुसतं 'हॅना'.

कुठलीही बाई भेटली की सुमनचा पहिला प्रश्न ठरलेला, "माहेर कुठलं?" बसमध्येसुद्धा सोडायची नाही. तिनं तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, "हॅना, फादर हाउस?" मार्थाला वाटलं, हिला घर बघायचंय. गाडीत घालून घेऊन गेली. तिथं आता बँक! परत आल्यावर सुमन मला म्हणते, "बाई काय आभाळातून पडली? त्याचे सात बाप लिहिले, हिचा एक नाही?"

मग सबंध हिवाळा त्या दोघी लायब्ररीत. मी पिशवी धरायला. शेवटी चर्चच्या लग्नांच्या वहीत मिळालं: हॅना डेकर, दोर वळणाऱ्याची मुलगी. मार्थानं सुमनला मिठीच मारली.

घरी येताना सुमन म्हणाली, "माझं माहेरचं नाव तरी आठवतं का हो तुम्हाला?"

आठवत होतं. तरी मी म्हणालो, "आता काय करायचंय ते?"

"राहू द्या," म्हणाली आणि हसली.

माझा स्वभावच असला. तिचं माहेरचं नाव कोयना. आम्ही कराडकडचे. माझी आई म्हणाली, "नदीचं नाव नको, वाहून जाईल पोरगी." म्हणून लग्नात मी ताटातल्या तांदळावर बोटानं 'सुमन' लिहिलं. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्याच रात्री ती झोपेत गेली.

सकाळी मुलगा मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म भरत बसला होता. डोळे पुसत म्हणाला, "बाबा, यात लग्नाआधीचं नाव विचारलंय. आईचं नाव दुसरं होतं का काही?"

मी उठलो. स्वयंपाकघरात गेलो. ताटात तांदूळ पसरले, बोटानं लिहिलं आणि ताट त्याच्यासमोर आणून ठेवलं.

"कोयना," त्यानं वाचलं.