पैसे नकोत, माणूस पाठवा

रिबकामावशी आलेल्या दानाचा आधी वास घ्यायची. तेलाची बाटली असो, चादर असो की तांदळाची पिशवी, ती दारातच नाकाशी धरायची. देणारा समोर उभा असला तरी तिला काही वाटायचं नाही. एकदा पुण्याच्या एका बाईंनी दिव्यांसाठी खोबरेल तेलाचा डबा पाठवला. मावशीने झाकण उघडलं, नाक मुरडलं आणि डबा तसाच पायरीवर आपटला. "शी! खवट हाय. घरात तेल खवट झालं की मग ह्यांना देव आठवतो. अरं, आपन शनवार तेली. आपल्याला तेल शिकवतेत व्हय?"

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे इथले ज्यू. कोकणात आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने ते नाव दिलं होतं. मावशी जन्माची नगरची, कोकण तिने पाहिलंही नसेल, पण त्या नावाचा तिला फार अभिमान. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर तिने आमचं नगरचं प्रार्थनाघर सांभाळायला घेतलं. दोन खोल्यांचं कौलारू घर, आत धर्मग्रंथाची गुंडाळी ठेवलेलं लाकडी कपाट, समोर बाकं. जुनी माणसं त्याला मशीदच म्हणायची. मावशीचा धाकटा भाऊ शालोममामा तिथे प्रार्थना म्हणायचा. मावशी झाडलोट करायची, दिवे लावायची आणि आम्हाला शिव्या घालायची.

शिव्यांचा खरा मोसम वर्ष संपताना. आमचं वर्ष नव्याच्या सणाला सुरू होतं आणि मग दहाव्या दिवशी दारफाळणी, आदल्या सूर्यास्तापासून सुरू होणारा कडक उपासाचा दिवस. त्या दिवशी प्रत्येकाच्या वर्षाचा निवाडा होतो आणि दानधर्म केला की तो सौम्य लागतो, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे नगर सोडून पुण्या-ठाण्याला गेलेल्या आम्हा सगळ्यांना भाद्रपदाच्या सुमारास एकदम पाझर फुटायचा. कोणी मंगल कार्यालयाचे जुने पडदे पाठवायचे, कोणी बंद पडलेलं घड्याळ. एकाने तर संगमरवरी पाटी पाठवली. तिच्यावर आजोबांचं नाव हे एवढं आणि खाली देवाचं बारीक. मावशी म्हणाली, "देवानं ह्याच्या आज्याच्या हाताखाली नोकरी करायची काय?"

तेव्हा मी पोट धरून हसायचो. आता आठवलं की किळस येते, कारण त्या अडगळीत माझाही वाटा होता. मुलीच्या लग्नात उरलेले प्लास्टिकचे हार मी सजावटीसाठी म्हणून पाठवले होते. शेजारच्या इकबालभाईंच्या बोकडानेसुद्धा त्यांना तोंड लावलं नाही, असं मावशीने मला मुद्दाम फोन करून कळवलं. हे इकबालभाई पत्र्याच्या पेट्या बनवायचे. शनिवारी आणि सणाला आम्ही दिव्याला हात लावत नाही, तेव्हा प्रार्थनाघरातले दिवे तेच बघायचे. त्यांनी त्याबद्दल कधी पाटी मागितली नाही.

मग एका उन्हाळ्यात शालोममामा गेला. मेलेल्या माणसासाठी आमच्यात कद्दीश ही प्रार्थना म्हणतात आणि त्याला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर कद्दीश नाही, कपाटातली गुंडाळीही बाहेर काढायची नाही. इतकी वर्षं ती जागा जिने झाडली, त्या बाईला दहांत धरत नाहीत, हेही सांगून टाकतो. नगरात उरलेल्या माणसांत आठ पुरुष होते. कोपरगावहून साखर कारखान्यातले निवृत्त एझ्राकाका दुखरे गुडघे घेऊन एसटीने यायचे, ते नववे. वर्षात फक्त दारफाळणीला बाहेरून एखाददुसरा यायचा आणि दहा भरायचे. म्हणजे शालोममामाच्या कद्दीशला, त्याच्या स्वतःच्या प्रार्थनाघरात, वर्षातून तेवढा एकच दिवस होता.

मावशीने आमच्या ग्रुपवर लिहिलं, "औंदा पैसे नकोत. माणूस पाठवा. शालोमचा कद्दीश म्हणायचा आहे."

आम्ही सगळ्यांनी उत्तरादाखल जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी जाईल. माझा तर पुण्यात त्या दिवशी कपाट उघडायचा मान ठरलेला होता आणि तिथल्या बाकांवर गाद्या होत्या. मनाला टोचणी लागली म्हणून मी दरवर्षीच्या दुप्पट रक्कम पाठवली. बरं वाटलं. इतकं स्वस्तात बरं वाटतं, याचीच आता शिसारी येते.

दारफाळणीनंतर आठ दिवसांनी मिठाईचा पुडा घेऊन मी नगरला गेलो. मावशी पायरीवर बसली होती. तिने पुड्याकडे पाहिलंही नाही.

"आदल्या दिशी दुपारपास्नं फोन वाजत हुता, दाऊद. टिंग. मला वाटायचं, कुनीतरी निघालं. हातातलं टाकून पळायची, बघायची, तर पैशे. परत टिंग, परत पैशे. दिस मावळायला फोन बंद केला. सात जनांचे पैशे आले. मानूस एक बी न्हाई."

"मग कद्दीश?"

"नऊ जन दिसभर बसले उपाशी. कपाट बंदच. शालोमचं ऱ्हायलं."

"मावशी, आम्ही पुण्यात घेतलं होतं त्याचं नाव."

"पुन्यात त्यो कधी गेल्ता?"

तिने इकबालभाईंना बोलावलं आणि त्यांच्या मदतीने फोनवरून सगळ्यांचे पैसे परत केले. ग्रुपवर गदारोळ उठला. दान कुठे परत करतात का, म्हातारीला फार मस्ती आलीय, हिच्या जागी दुसऱ्या कोणाला नेमा. दोन दिवस तिच्या वागण्याची चर्चा चालली. शालोममामाचं नाव एकानेही काढलं नाही. मीही नाही.

पुढच्या वर्षी तिने कोणालाच काही कळवलं नाही. मी आपणहून निघालो. पुण्यातला मान सोडला, बायकोची बोलणी खाल्ली आणि दिवस मावळायच्या आत नगरला पोचलो. मावशी पांढरी साडी नेसून कपाटापाशी उभी होती. आमच्यात माणसं बोटाने मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, एकेकाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा, वचन पुरं झालं की दहा भरले. ती पुटपुटत होती. नववा शब्द माझ्यावर आला. तिने माझ्या मागे दाराकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"एझ्राकाका?" मी विचारलं.

"पोरीकडं गेला, इस्रायलला. गुडघे बदलायला." मग तिने माझ्या शेजारचं बाक पदराने पुसलं. "बस. आलास तर खरा. एक वरीस उशीर केलास."

त्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली. निरोप मिळताच पुण्या-ठाण्याच्या गाड्यांनी गल्ली भरून गेली. कबरीपाशी आम्ही विसाच्या वर पुरुष होतो. कद्दीश म्हटला, अगदी खणखणीत आवाजात, आणि माझा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता. परत फिरताना दोघेजण तिच्या नावाची पाटी कुठे लावायची याबद्दल बोलत होते.

इकबालभाई फाटकाशी टोपी घालून उभे होते. आमची गर्दी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. "दाऊदभाई," त्यांनी हळूच विचारलं, "ह्ये सगळे आपल्या नगरचेच का?"

"हो," मी म्हणालो. "सगळे नगरचेच."