दोन डिशची झाकणं

"सुमैया, कंट्रोलची एकही पेशी करंट देत नाही?" मी विचारलं.

"देतात की काही. पण त्या खराब असतात, सर. मी टाकून देते."

आणि जीनवाल्या डिशमधली एखादी गप्प बसली तर? तिच्यात जीन शिरलंच नसणार, म्हणून तीही बाद. हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं की मला हसू आवरेना.

जिभेला लागणारा आंबटपणा म्हणजे आम्लातले प्रोटॉन. ते पेशीत शिरतात प्रोटीनच्या एका दारातून, त्याला चॅनल म्हणतात. हे दार कोणतं जीन बनवतं, ते आम्ही शोधत होतो. संशयित जीन पेशींत घालायचं, वरून आम्ल सोडायचं आणि बारीक काचनळी पेशीला चिकटवून करंट मोजायचा. दुसऱ्या डिशमध्ये जीन नसलेल्या पेशी, ती कंट्रोल. सोलापुरात, विद्यापीठाच्या लॅबमध्ये, करंट मोजायचं मशीन मी सांभाळतो. सुमैया अक्कलकोटहून रोज एसटीनं यायची. चार वर्षं घासल्यावर सोमवारी तिची सिनॉप्सिस, म्हणजे पीएचडीच्या थिसीसआधीचं सादरीकरण होतं. जीन सापडलं, असं विभागप्रमुखांनी तर पेपरवाल्यांना सांगूनही टाकलेलं.

खोडी काढायची माझी जुनी सवय. आमच्याकडे सगळे डिशचं नाव झाकणावर लिहितात. सुमैया चहाला गेली आणि मी झाकणं बदलली.

संध्याकाळी ती खुशीत आली. जीनवाली झकास, कंट्रोल सपाट, नेहमीसारखंच! मी झाकणांचं सांगितलं: तिची झकास डिश खरं तर कंट्रोलची होती. तिचा चेहरा उतरला. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, मजाही आली.

प्रमुख माझ्यावर उखडले. पेपरवाल्यांना आता काय सांगू, हे त्यांचं दुःख. सुमैया म्हणाली, "सर, तुम्ही झाकणं बदलली, कशावरून? वहीत नोंद आहे का?"

नव्हती. साक्षीदारही नव्हता. म्हणून सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं.

सिनॉप्सिस पुढे ढकलली. आता डिशना फक्त नंबर आणि एकही पेशी टाकायची नाही. कुठल्या नंबरात जीन आहे, ती यादी पाकिटात घालून आमचे शिपाई शिवप्पामामा यांच्या कपाटात. तीन आठवड्यांनी पाकीट फोडलं. करंट दोन्हीकडे सारखाच होता. आम्ल पडलं की या पेशी मुळातच करंट देतात, आणि तोही प्रोटॉनचा नव्हे, क्लोराइडचा, हे सुमैयानं पुढे शोधलं. आमचं जीन निर्दोष सुटलं. दार कुणाचं, ते काही कळलं नाही.

थिसीस वर्षभर लांबला, पण त्या नको असलेल्या करंटवरच झाला. आभाराच्या पानावर माझं नाव शिवप्पामामांच्या खाली आहे. मला आधी राग आला. पण पाकीट तीन आठवडे न उघडता त्यांनी ठेवलं. मी पहिल्याच दिवशी उघडलं असतं.