काठीवरचा गुडघा

“गुडघा ठणठणीत आहे. सोडा त्यांना,” आमचे सर्जन म्हणाले आणि फिल्म पाकिटात सरकवू लागले.

धोंडिबाआबा गंगापूरकडचे मेंढपाळ. मुलगा वाळूजला कारखान्यात. त्याच्या कंपनीच्या खर्चानं आबांचा गुडघा मुंबईत बदललेला. तरी दुखणं हटत नव्हतं. बसवलेला सांधा हाडापासून सुटला असेल, तर तो खालचं हाड झिजवत जातो. उशीर झाला की दुसरा सांधा बसवायला हाडच उरत नाही.

मी उस्मानपुऱ्यातल्या त्या हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट होते. सर्जनना नव्या सीटी स्कॅनची भारी हौस. पण तेव्हाच्या सीटीत धातू आला की रेघाच रेघा उठत. नेमकं बघायचं तेच झाकलं जाई. झोपवून काढलेला एक्स-रे स्वच्छ होता, सांधा जागच्या जागी. भार पडल्यावरच सैल सांधा हलतो, म्हणून मी हट्टानं उभा एक्स-रे काढायला लावला. तोही स्वच्छ. मला पटेना, आणि पटलं नाही की माझा आवाज चढतो.

“सर, मग दुखतंय कशानं?”

“वयानं, मॅडम.”

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. दुपारपासून शहर बंद होणार होतं. मुलगा घायकुतीला आलेला. “आबा, चला. गावाकडची जीप गेली तर इथंच अडकू.”

आबा कॉरिडॉरमध्ये उभे होते. काठी पुढं रोवलेली, तिच्यावर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. दुखरा पाय जमिनीला नुसता टेकलेला. मेंढरं राखताना उभं राहायची त्यांची रीतच ती. मी तशीच त्यांच्याकडं गेले.

“आबा, मघाशी उभ्यानं फोटो काढला, तेव्हा काठी होती?”

“व्हय की. काठीबिगर कसं ऱ्हावं?”

म्हणजे भार सगळा काठीवर आणि चांगल्या पायावर!

“मॅडम, पुरे आता,” सर्जन वैतागले.

“एकच फिल्म, सर.”

मशीनपुढं मीच काठीला हात घातला. आबा सोडेनात.

“पडलो मंजी, बाई?”

“मी बाजूलाच आहे. टाका भार.”

काठी सुटली. आबा कळवळले. तेवढ्यात एक्स-रे निघाला.

डार्करूममधून ओली फिल्म आली. सांध्याची खालची धातूची प्लेट एका अंगाला खचली होती. दुसऱ्या अंगाला हाडाशी काळी फट उघडली होती. सर्जननी ती उजेडाला धरून बघितली. मग ते मुंबईच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला बसले. जीप तर गेलीच होती.

हाड शाबूत होतं तोवर सांधा पुन्हा बसवला गेला. नंतर तपासणीला आबा आले ते हात हलवत. “काढा फोटो, बाई. काठी घरीच हाय.”

मशीन कुठलंही असो, पेशंट कशाच्या आधारानं उभा आहे ते मी आधी बघते.